वापर : मौजमजा

गॅरेजात आणून उभ्या केलेल्या त्या वस्तूला म्हणायचं काय, इथूनच अडचणीला सुरुवात झाली.

पाण्यावर स्कूटरसारखं बसून पळवायचं ते यंत्र. मी तिला जेट-स्की म्हणत होतो. शेजारीपाजारी तेच म्हणत होते. पण ‘जेट-स्की’ हे कावासाकीच्या मालकीचं नाव. यामाहाने बनवली की ती ‘वेव्हरनर’ आणि बीआरपीने बनवली की ‘सी-डू’. आमच्या घरी वनस्पती तूप कुठल्याही कंपनीचं आलं तरी तो डालडाच असायचा, त्यातलाच हा प्रकार. माझी यामाहाची, म्हणजे कागदोपत्री ती जेट-स्की नव्हेच. आणि सरकारला तर या तिन्ही नावांशी देणंघेणं नाही. सरकार म्हणतं ‘पर्सनल वॉटरक्राफ्ट’. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून ते दोनदा वाचलं आणि जाहीर केलं, “वैयक्तिक जलयान.”

बाबांची पस्तीस वर्षं कोकणातल्या तहसील कचेरीत गेली. निवृत्त होऊनही त्यांच्या खिशाला लाल आणि निळं अशी दोन पेनं असतात. आई आणि ते मे महिन्यात न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्याकडे आले आणि त्याच आठवड्यात मी हे यंत्र विकत घेतलं. सात वर्षं वापरलेलं, ट्रेलरसकट पाच हजार दोनशे डॉलर. मालवणच्या समुद्राकाठी वाढलेला माणूस वीस वर्षं न्यू जर्सीत पाण्याविना राहिला की त्याचं असं काहीतरी होतं. बायकोच्या मते हे चाळिशीत होतं आणि त्याला पाणी लागतंच असं नाही.

बाबांनी यंत्राला एक फेरी मारली, सीटवर थापटी मारली आणि म्हणाले, “बरी आसा. पण नारळी पौर्णिमेआधी पाण्यात घालू नको.”

“बाबा, ती कोकणातली गोष्ट. तिथे पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो म्हणून. इथे मे ते सप्टेंबर हाच मोसम. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबलो तर निम्मा उन्हाळा संपेल.”

“बघ बाबा,” ते म्हणाले. कचेरीत अर्जदाराला ज्या सुरात ‘उद्या या’ म्हणत असतील, तोच सूर.

माझा हिशेब सोपा होता. शनिवारी विमा, सोमवारी नोंदणी, पुढच्या शनिवारी पाण्यात. विम्याचं तर मला कामच वाटत नव्हतं. न्यू जर्सीत असल्या यंत्राला विमा सक्तीचा नाही. युटा आणि आर्कान्सामध्ये आहे, आमच्याकडे नाही. शिवाय घराची पॉलिसी होतीच. वस्तू घरात उभी आहे, म्हणजे घराच्या विम्यात आली, असं मी बायकोला समजावून सांगितलं. तिने काही न बोलता पॉलिसीचं बाड आणून समोर ठेवलं.

घराच्या विम्यात नौकेसाठी कमाल दीड हजार डॉलर होते, आणि तेही ट्रेलर धरून. ती घरापासून दूर असताना चोरीला गेली तर काहीच नाही. (नौका घरापासून दूर नसताना तिचा उपयोग काय, हे त्यात दिलेलं नव्हतं.) आणि त्या यंत्राने मी दुसऱ्या कुणाला धडकलो, तर विमा कंपनी मला ओळखत नाही. शेवटचं कलम बायकोने मोठ्याने वाचलं. मग तळ्यावरच्या धक्क्याच्या मालकाचा निरोप आला की विम्याचा दाखला आणल्याशिवाय जागा मिळणार नाही. कायद्यात नसलेली सक्ती दोन बाजूंनी झाली.

विमा कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई अतिशय गोड बोलत होती. तिच्यासमोरचा अर्ज मात्र कुणातरी दर्यावर्दी धनिकासाठी छापलेला असावा.

“आपल्या नौकेवर किती जणांची झोपायची सोय आहे?”

“कुणाचीच नाही. मी झोपलो तर पडेन.”

“स्वयंपाकघर?”

“नाही.”

“शौचालय?”

“नाही. म्हणजे… नाही.”

“पगारी खलाशी किती?”

बाबा स्पीकरवर ऐकत होते. ते हळूच म्हणाले, “माझं नाव घाल.”

“नौकेचं नाव?”

मी थबकलो. नाव ऐच्छिक आहे असं ती म्हणाली, पण ‘ऐच्छिक’ शब्द आमच्या घरात चालत नाही. बाबांनी लगेच ‘सातेरी’ सुचवलं. आईने कपाळावर हात मारला. “देवीचं नाव देणार, आणि त्यावर दोन बाजूंना दोन पाय टाकून बसणार? लाज आहे का?” मुलाने सुचवलेलं नाव इंग्रजी आणि अशोभनीय होतं. रकाना कोरा राहिला.

पुढे ‘अॅग्रीड व्हॅल्यू’ हवी की ‘अॅक्चुअल कॅश व्हॅल्यू’, हा प्रश्न. पहिल्यात यंत्राची किंमत आत्ताच ठरवून टाकायची आणि ते समूळ गेलं तर तेवढी मिळणार. दुसऱ्यात घसारा वजा करून जे उरेल ते. घसारा म्हटल्यावर बाबांचे डोळे चमकले. तासभर त्यांनी कागदावर घसारा काढला आणि निष्कर्ष सांगितला की आणखी चार वर्षांनी हे यंत्र बुडालं तर कंपनीला उलट आपणच पैसे द्यावे लागतील. मी पहिला पर्याय घेतला.

पॉलिसी आली ती छत्तीस पानांची. बाबांनी ती तीन दिवसांत वाचून काढली, लाल पेनाने. पहिल्या पानांवर काय काय मिळेल ते होतं. यंत्र बुडालं तर तळातून वर काढण्याचा खर्च, तेल सांडलं तर ते निपटण्याचा खर्च, विमा नसलेल्या दुसऱ्या कुणी मला धडक दिली तर माझ्या हाडांचा खर्च. त्यानंतर काय मिळणार नाही, ते. झीज, गंज, बुरशी, यांत्रिक बिघाड, उंदीर. शर्यतीत भाग घेतला तर नाही. भाड्याने दिलं तर नाही. हिवाळ्याचे पाच महिने ती ‘ले-अप’मध्ये, म्हणजे तेव्हा पाण्यात दिसली तर नाही. आणि युद्ध किंवा अण्वस्त्रामुळे नुकसान झालं तर अजिबात नाही.

“म्हणजे होपॅटकाँगच्या तळ्यावर अणुबाँब पडला,” बाबा म्हणाले, “आणि त्यातून तू वाचलास, तर क्लेम लावायचा नाही. लक्षात ठेव.”

मग ते थोडे गप्प झाले. अमेरिकेला येताना मी त्यांचाही विमा काढला होता. त्यात आधीपासूनचे आजार बाद होते. साखर बाद, रक्तदाब बाद, गुडघे बाद.

“हिला सात वर्षं झाली. आधीच्या मालकाने खडकावर घासलेली आहे, तळाला ठिगळ आहे. तरी हिला सगळं मिळतं. माझा गुडघा मात्र ‘प्री-एक्झिस्टिंग’.”

मला उत्तर सुचलं नाही. आईने चहा टाकला.

आता नोंदणी. आमच्या राज्यात नौकेची नोंदणी मोटारींच्याच खात्यात होते. बारा फुटांपेक्षा लांब नौका असेल तर मालकीचं ‘टायटल’सुद्धा लागतं. माझी अकरा फूट. त्या एका फुटाचा आनंद मी दोन दिवस उपभोगला. विक्रीकराच्या बाबतीतही सरकारने जरा दया दाखवलेली निघाली. एरवी ६.६२५ टक्के, पण नौकेवर त्याच्या निम्माच. बाबांना हे इतकं आवडलं की फोनवर मालवणच्या काकांना त्यांनी “इकडे होडीवाल्याक मान आसा” असं सांगितलं. काकांची होडी आहे आणि त्यांना मान नाही.

नोंदणीसाठी मुख्य गोष्ट म्हणजे हल आयडेंटिफिकेशन नंबर. मोटारीचा जसा चेसिस नंबर, तसा हा नौकेचा. बारा अक्षरं-आकडे. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची, पुढची पाच अनुक्रमांकाची, मग बनवल्याचा महिना आणि वर्ष, शेवटी मॉडेलचं वर्ष. विकणाऱ्या सद्‌गृहस्थाने तो नंबर विक्रीच्या कागदावर हाताने लिहून दिला होता. मी तसाच अर्जात उतरवला होता. विमा कंपनीलाही तोच सांगितला होता.

खिडकीतल्या बाईंनी अर्जावरून नजर फिरवली आणि पाचव्या जागेवर बोट ठेवलं.

“हा ओ आहे?”

“हो.”

“ओ असू शकत नाही. अनुक्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत. एक आणि शून्याशी गोंधळ होतो म्हणून.”

“मग शून्य असेल.”

“असेल?” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुम्ही सांगताय की विचारताय?”

त्यांचं काहीएक चुकलेलं नव्हतं, हेच तर दुखणं. मी अर्ज घेऊन घरी आलो आणि यंत्राच्या मागच्या बाजूला गुडघे टेकून बसलो. नंबर होता, पण सात उन्हाळ्यांच्या बुटांनी तो घासून घासून त्वचेत मिसळून टाकला होता. मोबाइलचा दिवा लावला. भिंग आणलं. मुलाने फोटो काढून मोठा केला, तर त्यात माझाच अंगठा दिसत होता.

बाबा गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले. “पेन्सिल आण.”

“कशाला?”

“आरटीओत आपल्या स्कूटरच्या चेसिसची छाप कशी घेतली होती? पातळ कागद आण, आणि पेन्सिल. आडवी धरायची. दाबायची नाही.”

१९८८ साली बजाज स्कूटरच्या नोंदणीसाठी केलेला प्रयोग त्यांनी गॅरेजात पुन्हा केला. केक भाजायचा कागद त्या जागेवर ठेवला, पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासली, आणि करड्या ढगातून एकेक अक्षर पांढरं होऊन वर यायला लागलं. पाचव्या जागी ओ नव्हता. शून्यही नव्हतं. तिथे डी होता.

“बघ,” बाबा म्हणाले. पस्तीस वर्षं खोटी वारस नोंद पकडणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. तो कागद त्यांनी घडी करून फायलीत लावला. फाइल त्यांनीच तयार केली होती, नाडीची, पानांवर क्रमांक घालून.

डी सापडला, पण पॉलिसी ‘ओ’च्या नंबरावर निघाली होती. ओचा डी करायला विमा कंपनीने सुधारित पत्र काढलं. त्यात डी बरोबर आला आणि माझ्या आडनावातला एक एच गळला. एच परत येईपर्यंत जुलै उजाडला.

दुसऱ्या खेपेला बाबा माझ्याबरोबर आले. रांगेत उभं असताना त्यांनी अर्ज वाचायला घेतला. सांगाडा कशाचा : फायबरग्लास. इंधन : पेट्रोल. चालना : जेट. आणि मग ते थांबले. माझी बाही ओढली.

“हे काय लिहिलंय?”

“प्रायमरी यूज. मुख्य वापर.”

“ते कळलं. त्याच्यापुढे?”

“प्लेझर.”

“मौजमजा?” त्यांनी आजूबाजूला पाहिलं. “सरकारी फॉर्मात मौजमजेचा रकाना?”

मासेमारी, भाड्याने देणं, धंदा आणि मौजमजा असे चौकोन ओळीने मांडले होते. हयातीत त्यांनी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, नापिकीचा पंचनामा, दुष्काळी यादी, सगळं भरून घेतलं होतं. कुणाला कधी मौजमजा करता का असं छापील विचारलं नव्हतं. कुणी सांगितलं असतं तर चौकशी लावली असती. त्यांनी निळं पेन काढलं, मला बाजूला सारलं आणि त्या चौकोनात स्वतःच्या हाताने खूण केली. खिडकीतल्या बाईंनी पेन्सिलीची छाप पाहिली, बाबांना पाहिलं, आणि काही न बोलता शिक्का मारला.

धक्क्याच्या मालकाने दाखला पाहून नवीन अट काढली. माझ्या पॉलिसीत त्याचंही नाव ‘अॅडिशनल इन्शुअर्ड’ म्हणून हवं. मी चिडलो. हप्ते मी भरायचे आणि नाव त्याचं? बाबा मात्र शांत होते. “सातबाऱ्यावर इतर हक्कात सोसायटीचा बोजा असतो ना, तसं. मालक तूच. त्याचं फक्त इतर हक्कात.” इतक्या सोप्या भाषेत विमा कंपनीच्या बाईने मला कधीच समजावलं नव्हतं.

मग आठ तासांचा सुरक्षा वर्ग आणि परीक्षा. आमच्या राज्यात जलयान चालवायला ते प्रमाणपत्र लागतंच. गोड्या पाण्याच्या तळ्यात चालवायची असेल, तर ड्रायव्हिंग लायसन्सवर नौकेची वेगळी नोंदही हवी. समुद्रात ती नोंद नको, तळ्यात हवी. मी कारण विचारायचं सोडून दिलं होतं. वर्गात बाकी सगळे पंधरा-सोळा वर्षांचे. तिथे एकच गोष्ट अशी शिकलो की ती ऐकून झोप उडाली. या यंत्राच्या तळातून पाणी आत ओढलं जातं आणि मागच्या तोंडातून जोरात बाहेर फेकलं जातं. ते मागचं तोंड वळवलं की यंत्र वळतं. म्हणजे गॅस (आपला अॅक्सिलरेटर) सोडला, पाण्याचा झोत बंद झाला, की हँडल कितीही फिरवा, नाक सरळच जात राहतं. समोर काही आलं की माणूस घाबरून आधी गॅस सोडतो, आणि नेमका तेव्हाच सुकाणू जातो. वाचायचं तर गॅस देत वळायचं. बायकोला हे घरी येऊन सांगितलं. तिने विम्याची रक्कम वाढवायला लावली.

जुलैच्या शेवटी नंबर आला. एनजे, मग चार आकडे, मग दोन अक्षरं. तो नाळेच्या, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना चिकटवायचा. अक्षरं ठळक आणि सरळ, उंची किमान तीन इंच, रंग मागच्या रंगावर उठून दिसणारा, डावीकडून उजवीकडे वाचता येणारी. आणि अक्षरं व आकडे यांच्यामध्ये जी मोकळी जागा सोडायची, ती एका अक्षराच्या रुंदीएवढी. फक्त ते अक्षर ‘आय’ धरायचं नाही, कारण आय बारीक असतो. हा नियम ज्याने लिहिला, तो मागच्या जन्मी बाबांच्या कचेरीत असला पाहिजे. बाबांनी पट्टी, खडू आणि ओळंबा घेतला. जलयानाची नाळ म्हणजे बदकाची छाती, कुठेही सपाट नाही. दुपारभर आम्ही दोघं गुडघ्यांवर होतो. ते प्री-एक्झिस्टिंग गुडघे धरून म्हणत होते, “चार वर घे. चार खाली गेला.” शेवटी नंबर लागला, नंबराशेजारी नोंदणीचा स्टिकर लागला, आणि बाबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

नारळी पौर्णिमेला आठ दिवस होते. ते काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

त्या आठ दिवसांत बरोबर न्यायच्या सामानाची यादी मी मराठीत लिहून फ्रिजवर लावली. लाइफ जॅकेट, अग्निशामक, इंजिन बंद करणारी मनगटातली दोरी, नोंदणीचा कागद, विम्याचा दाखला, शिट्टी. वस्तू पिशवीत गेली की बाबा तिच्यापुढे लाल खूण करत होते. आदल्या रात्री सगळ्यांपुढे खुणा होत्या आणि मी निर्धास्त झोपलो.

पौर्णिमेला सकाळी आम्ही होपॅटकाँगला पोचलो. राज्यातलं सगळ्यात मोठं तळं. सकाळच्या उन्हात ते इतकं शांत होतं की त्याला सागर म्हणायला बाबांनाही जड गेलं असावं. ट्रेलर मागे घेताना तो डावीकडे जावा म्हणून गाडीचं हँडल उजवीकडे फिरवावं लागतं. त्यात माझी वीस मिनिटं गेली आणि मागे रांग लागली. तेवढ्यात आईने सोनेरी कागद लावलेला नारळ काढला.

“तळ्यात टाकायचा नाही,” मी म्हटलं. “वर्गात सांगितलंय. शिवाय तो तरंगणार, आणि उद्या मीच त्याच्यावर आपटणार.”

बाबांनी क्षणभर विचार केला. “पॉलिसीत तरंगत्या वस्तूची धडक आहे. पान चौदा.” तरीही नारळ काठावरच्या दगडावर फुटला. पाणी तळ्याला, खोबरं डब्यात, करवंट्या परत पिशवीत. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं असावं की ही इंजिनाची काहीतरी पूर्वतयारी आहे.

आणि मग मी पाण्यावर गेलो. त्याचं वर्णन करता येईल, पण ते जेमतेम अकरा मिनिटं टिकलं. गॅस दिला, नाळ उचलली गेली, तोंडावर पाण्याचा सपकारा आला, आणि मला देवबागच्या खाडीत काकांच्या होडीत पुढे बसलेला आठ वर्षांचा मी आठवलो. धक्क्यावर बाबा टोपी हलवत होते. मी वळलो, गॅस देत वळलो, आणि समोरून निळा दिवा लावलेली पोलिसांची बोट येताना दिसली.

तरुण अधिकारी, अदबीचा. नेहमीची तपासणी, म्हणाला. लाइफ जॅकेट पाहिलं. मनगटातली दोरी पाहिली. अग्निशामक सीटखालून काढून दाखवला. नंबर बघायला त्याने बोट जरा मागे घेतली आणि मोकळ्या जागेकडे पाहून मान डोलावली. मी नाडीची फाइल काढली. नोंदणी, विमा, डीचं पत्र, एचचं पत्र, प्रमाणपत्र, पेन्सिलीची छाप. त्याने पानं उलटली. इतकी व्यवस्थित कागदपत्रं या तळ्यावर आजवर पाहिली नाहीत, म्हणाला. ही गोष्ट बाबांना सांगायची म्हणून मी मनात पाठ करून ठेवली.

“आता फक्त आवाज करणारं साधन. शिट्टी आहे ना?”

“आहे.” यादीत लाल खूण मी स्वतः पाहिली होती. जलरोधक पिशवीत हात घातला, तळाशी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी जड हाताला लागलं, ते मी न बघताच त्याच्या तळहातावर ठेवलं.

त्याने फडकं उलगडलं. आत आमच्या पाच लिटरच्या कुकरची जादा शिट्टी होती. आईने चिंच लावून लखलखीत घासलेली.

त्याने ती उन्हात धरून सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. खालच्या भोकातून पलीकडे पाहिलं. मग माझ्या हातात परत दिली.

“वाजवून दाखवा.”

“दाखवतो,” मी म्हटलं, “पण त्यासाठी आधी पाणी उकळावं लागेल.”